लोकलची लाईन दोन-तीन महिने बंद ठेवून सगळं काम एकदाच का उरकत नाहीत?

ठाण्याहून रोज सीएसएमटीला नोकरीसाठी जाणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. ते म्हणतात, "बारा वर्षं दर रविवारी मेगाब्लॉक बघतोय, तरी सोमवारी सिग्नल बिघडतो आणि थंडीत रुळाला तडा जातो. लंडन-सिडनीत एखादी लाईन महिनोन् महिने बंद ठेवून सगळं एकदाच करून टाकतात. आपल्याकडे तसं का करत नाहीत? आणि ब्लॉकच्या दिवशी शेजारच्या गाडीतून बघितलं तर निम्मी माणसं नुसती उभी दिसतात. ती काय करत असतात?"

मी पस्तीस वर्षं रुळांच्या कामात, आमच्या बोलीत पी-वेमध्ये, काढली. त्यातली बरीचशी मुंबईच्या उपनगरी मार्गावर गेली. उभ्या माणसांचं शेवटी सांगतो, कारण त्याआधी ब्लॉक आतून कसा असतो ते कळायला हवं.

आधी मूळ उत्तर. तीन महिने लाईन बंद ठेवली तरी चौथ्या महिन्यात रविवारचा ब्लॉक लागणारच. मात्र काही कामं अशी असतात की त्यांना सलग तास मिळाल्याशिवाय ती नीट होत नाहीत, आणि तिथे आपण वर्षानुवर्षं तुकडे पाडत बसलो. मुंबईला महिन्यांचा बंद झेपणार नाही, पण ३६, ६३, ७२ तासांचा नीट तयारी केलेला बंद झेपतो. असे ब्लॉक वर्षातून काही वेळा हिमतीने घ्यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

आता रविवारच्या ब्लॉकचा हिशेब बघा. माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असतो, बहुतेक वेळा ११.०५ ते ३.५५. म्हणजे चार तास पन्नास मिनिटं. ११.०५ ही कागदावरची वेळ. त्या वेळेला धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवायला सुरुवात होते. आत शिरलेली शेवटची लोकल सेक्शनबाहेर निघाली की कंट्रोलर आणि स्टेशन मास्तर नंबरांची देवाणघेवाण करून लाईन आमच्या ताब्यात देतात. मग वरच्या तारेतला वीजपुरवठा बंद करायचा. ती तार २५ हजार व्होल्टची. वीज बंद झाली असं फोनवर कळून चालत नाही. ओएचईची, म्हणजे वरच्या तारेची, माणसं ती तपासतात, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारे डिस्चार्ज रॉड लावतात आणि मग लेखी परमिट माझ्या हातात देतात. तोवर पावणेबारा वाजत आलेले असतात. यंत्र लांबच्या सायडिंगमधून यायचं असेल तर आणखी वेळ जातो.

शेवटीही तसंच. ३.५५ला पहिली लोकल जायची तर सव्वातीनलाच हात आवरते घ्यावे लागतात. अवजारं मोजायची, रूळ आणि त्यांची पातळी तपासायची, माणसं बाजूला झाली याची खात्री करायची, रॉड काढायचे, परमिट परत करायचं, वीज सुरू करायची, सिग्नलवाल्यांनी सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा, फिरवून बघायचे. पावणेपाच-पाच तासांच्या ब्लॉकमध्ये खऱ्या कामाला साडेतीन तास मिळाले तर तो दिवस चांगला. रात्री शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जेमतेम तीन तास असतात. त्यातून हाती लागतो दीड तास.

सुरुवातीची आणि शेवटची ही झीज ब्लॉक पाच तासांचा असो की पन्नास तासांचा, जवळजवळ तेवढीच राहते. पाच-पाच तासांचे दहा ब्लॉक घेतले तर ती दहादा भरावी लागते, पन्नास तासांच्या एका ब्लॉकमध्ये एकदाच. तुमच्या प्रश्नामागचा तर्क म्हणूनच बरोबर आहे.

पण सगळी कामं एका जातीची नसतात. खडीची आणि रुळाची झीज रोजची असते. बारा डब्यांची लोकल दर तीन-चार मिनिटांनी जाते तेव्हा स्लीपरखालची खडी दळली जाते, पावसाळ्यात त्यात चिखल शिरतो आणि रूळ बसायला लागतो. टॅम्पिंग मशीनने खडी पुन्हा ठासावी लागते, रुळाची अल्ट्रासाऊंड तपासणी करावी लागते, वेल्ड बदलावे लागतात. आज सगळं नवं केलंत तरी उद्याच्या पहिल्या गाडीपासून पुन्हा झीज सुरू होते. ही घरातल्या केरवाऱ्यासारखी कामं आहेत. वर्षातून एकदा महिनाभर झाडून उरलेले अकरा महिने घर स्वच्छ राहत नाही. त्यांच्यासाठी रविवारचा ब्लॉकच योग्य.

दुसऱ्या जातीची कामं मध्येच थांबवता येत नाहीत. यार्डातले रूळ सरकवून नव्या जागी जोडणं, जुन्या इंटरलॉकिंगवरून, म्हणजे सिग्नल आणि सांधे एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेवरून, नव्यावर जाणं, पुलाचे गर्डर बदलणं. एकदा कापलं की जोडून पूर्ण होईपर्यंत त्यावरून गाडी जाऊ शकत नाही. दीर्घ बंद हवा तो या कामांसाठी.

साध्या एका सांध्याचं बघा. मुख्य मार्गावरचा एकास-बाराचा सांधा साधारण ४० मीटर लांब असतो. जुना कापून उचलायचा, खालची खडी खोदून पातळी घ्यायची, बाहेर आधीच जुळवून ठेवलेला नवा सांधा आणून बसवायचा, खडी टाकायची, ठासायची, टोकं थर्मिट वेल्डने जोडायची. वेल्डमध्ये घाई चालत नाही. रूळ पुरेसा तापला नाही, किंवा ओतलेलं पोलाद बसायच्या आत हलवला, तर वेल्ड आतून पोकळ राहतो आणि जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तुम्हाला तडा गेल्याची बातमी मिळते. मग सिग्नलवाले सांधा फिरवणारं पॉइंट मशीन जोडतात आणि तपासणी सुरू होते. पाच मिलिमीटर जाडीची एक लोखंडी पट्टी सांध्याची जीभ, म्हणजे हलणारा रूळ, आणि बाजूचा रूळ यांच्यामध्ये धरायची आणि मशीन फिरवायचं. एवढ्या फटीला सांधा लॉक होता कामा नये. लॉक झाला तर सिग्नल हिरवा होईल आणि चाक त्या फटीत शिरेल. मी ही पट्टी बघितली की अजूनही आपोआप खाली वाकतो. पहाटे साडेतीनला, बॅटरीच्या उजेडात, गुडघे खडीत रुतवून बसलेला तंत्रज्ञ आणि त्याच्या हातातली ती पट्टी. पुढे सगळ्या गाड्यांचा भार तिच्या निकालावर असतो.

सिग्नलच्या तपासणीला वेळ कमी पडला तर काय होतं त्याचे दाखले रक्ताने लिहिलेले आहेत. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्यांच्या टकरीत ३५ माणसं गेली. नव्या सिग्नलिंगचं काम शनिवार-रविवार तुकड्या-तुकड्यांनी चालू होतं, आणि जुनी एक वायर नीट न काढता तशीच राहिली. ज्या तंत्रज्ञाच्या हातून ते झालं त्याला आधीच्या १३ आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती. आपल्याकडे २ जून २०२३ला ओडिशात बहानगा बाजार स्थानकात गाड्यांच्या टकरीत २९० हून अधिक जीव गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत त्याचं मूळ सिग्नलच्या सर्किटमधल्या बदलांत आणि ते नीट न तपासण्यात सापडलं. दर शनिवार-रविवारी तीच माणसं ब्लॉकवर उभी करायची, सोमवारी त्यांनाच रोजच्या ड्युटीवर घ्यायचं, असं वर्षभर चाललं की थकव्याची किंमत कुठेतरी चुकती होते. प्रवाशाच्या गैरसोयीचा हिशेब सगळे मांडतात. हा हिशेब फार थोडे मांडतात, आणि सलग ब्लॉकच्या बाजूने माझा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

दुसरा मुद्दा शेजारच्या रुळाचा. धीमा मार्ग बंद असतो तेव्हा जलद मार्ग चालू असतो, आणि दोन मार्गांच्या मध्यांमध्ये अंतर असतं चारेक मीटरचं. यंत्राच्या आवाजात पाठमोऱ्या माणसाला ताशी ८०-१०० किलोमीटरने येणारी गाडी ऐकू येत नाही. माझ्या हाताखालचा एक ट्रॉलीमन खाली पडलेली चावी उचलायला दोन पावलं मागे सरकला होता. मुकादमाने त्याची कॉलर धरून ओढलं म्हणून तो वाचला. नंतर दोघंही काही न बोलता बराच वेळ खडीवर बसून होते. आजूबाजूचं सगळं बंद असलं की माणसं निर्धास्तपणे काम करतात, आणि काम दुप्पट होतं.

मग परदेशासारखं महिनोन् महिने का नाही? तिकडची उदाहरणं बारकाईने बघितली की उत्तर मिळतं. लंडनमध्ये २०२२च्या जानेवारीपासून मेपर्यंत, सुमारे १७ आठवडे, नॉर्दर्न लाईनची बँक स्टेशनमधून जाणारी शाखा केनिंग्टन ते मूरगेट बंद होती, कारण नवा बोगदा जुन्याला जोडायचा होता. पण त्याच लाईनची चेअरिंग क्रॉसची दुसरी शाखा शहराच्या मध्यातून चालूच होती. पॅरिसने २०१५पासून काही उन्हाळे आरईआर-ए या उपनगरी मार्गाचा मधला भाग जवळपास महिनाभर बंद ठेवून रूळ आणि खडी बदलली. ती वेळ निवडली, कारण तेव्हा निम्मं पॅरिस सुटीवर असतं. बोस्टनने ऑगस्ट २०२२पासून ऑरेंज लाईन ३० दिवस बंद ठेवली आणि बस चालवल्या. वॉशिंग्टनने २०१९च्या उन्हाळ्यात सहा स्थानकं बंद ठेवून फलाट नव्याने बांधले. सिडनीची बँक्सटाऊन लाईन मेट्रोत बदलण्यासाठी ३० सप्टेंबर २०२४ला बंद झाली. साधारण वर्षभराचं काम म्हणून सांगितलं होतं, ते २०२६मध्ये गेलं. प्रत्येक ठिकाणी माणसं वळवायला काहीतरी होतं: दुसरी शाखा, रिकामं शहर किंवा पुरतील एवढ्या बस.

मुंबईचा हिशेब वेगळा. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार हजारांहून अधिक माणसं असतात. एका बसमध्ये उभी-बसलेली धरून साठ-सत्तर. म्हणजे एका लोकलला साठ बस. तासाला पंधरा गाड्या धरल्या तर एका दिशेला, एका मार्गासाठी तासाला नऊशे बस. बेस्टचा सगळा ताफाच तीन हजारांच्या आतबाहेर, आणि पूर्व द्रुतगती मार्ग सकाळी आधीच तुंबलेला. मुंबईच्या लोकलने रोज ७० लाखांवर माणसं जातात. ती दुसरीकडे वळवायची सोय या शहरात नाही. मोनोरेल २० सप्टेंबर २०२५पासून पूर्ण बंद ठेवून तिच्या सुधारणा हाती घेतल्या, ते शक्य झालं कारण तिचे प्रवासी थोडे होते. तिथे तो निर्णय मला योग्य वाटतो. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला तो लावता येत नाही.

दीर्घ बंदचं आणखी एक दुखणं म्हणजे तो लांबतो. चेन्नईत बीच ते एग्मोर चौथा मार्ग टाकायला जागा हवी म्हणून एमआरटीएस या शहरी रेल्वेचा चेन्नई बीच ते चिंताद्रिपेट हा तुकडा २७ ऑगस्ट २०२३पासून बंद केला. सात महिने सांगितले होते, गाड्या सुरू झाल्या २९ ऑक्टोबर २०२४ला, म्हणजे चौदा महिन्यांनी. गाड्या चालू असताना प्रत्येक तासाला कोणीतरी जाब विचारतं. एकदा लाईन बंद झाली की तो दाब निघून जातो आणि जागेच्या ताब्यापासून सामानापर्यंत प्रत्येक अडचणीला पुढची तारीख मिळत जाते. हे मी आमच्याच खात्याबद्दल बोलतोय. माणसं आळशी नसतात, पण रोजचा धाक नसला की रोजचं नियोजनही ढिलं पडतं.

याच्या उलट टोकाला टोकियो आहे. १५ मार्च २०१३च्या रात्री तोक्यू तोयोको लाईनचा शिबुयाजवळचा भाग जमिनीवरून भुयारात वळवला, तो शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंतच्या साडेतीनेक तासांत, सुमारे बाराशे माणसं लावून. त्या एका रात्रीसाठी भुयार वर्षानुवर्षं आधी बांधून तयार होतं.

हीच गोष्ट आपल्याकडे ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाच्या वेळी दिसली. मंजुरी २००८ची. डिसेंबर २०२१पासून १८, २४, ३६ तासांचे ब्लॉक घेत शेवटी ५ ते ७ फेब्रुवारी २०२२ला ७२ तासांचा ब्लॉक झाला आणि १८ फेब्रुवारीला मार्गाचं लोकार्पण. चौदा वर्षांतले लोकांना आठवतात ते ७२ तास. खरं तर ते ७२ तास जमले, कारण नवे रूळ, खांब, तारा, केबिनची खोली, केबल असं सगळं आधीच बाजूला उभं होतं. फक्त जोडणी बाकी होती. मोठ्या ब्लॉकचं यश दहापैकी नऊ हिस्से ब्लॉकच्या आधीच ठरतं. हार्बरच्या गाड्या नऊच्या बारा डब्यांच्या करण्यासाठी फेब्रुवारी २०१६मध्ये सीएसएमटीला घेतलेल्या ७२ तासांच्या ब्लॉकचीही हीच गोष्ट.

मे-जून २०२४चा ठाण्याचा ६३ तासांचा ब्लॉक तुम्हाला आठवत असेल, ३१ मेच्या मध्यरात्री साडेबारापासून २ जूनच्या दुपारी साडेतीनपर्यंत. पाच-सहा क्रमांकाचा फलाट रुंद करायचा होता. त्याला जोडून सीएसएमटीला ३६ तासांचा ब्लॉक, दहा-अकरा क्रमांकाचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांब करायला. नऊशेहून अधिक लोकल रद्द झाल्या आणि लोक चिडले, ते स्वाभाविक होतं. पण ठाण्याचा तो फलाट संध्याकाळी सातला ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा. दोन्ही बाजूंना जलद गाड्या, मध्ये जिन्याचा आडोसा आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत हजारो माणसं. फलाट रुंद करायचा तर रूळ सरकवावा लागतो, आणि अर्धा सरकवलेल्या रुळावरून सोमवारी सकाळी गाडी जात नाही. म्हणून रूळ सरकवला आणि बांधकामाला वेळ लागू नये यासाठी फलाटाची भर साच्यातले तयार ब्लॉक रचून घातली. दोन जोडलेली कामं एकाच बंदमध्ये घेतली, हेही चांगलं झालं. नऊशे गाड्या रद्द करायच्याच असतील तर त्या किमतीत जितकी कामं बसतील तितकी बसवावीत. रूळवाले, ओएचईवाले, सिग्नलवाले, पुलवाले असे चारही एकाच ब्लॉकखाली आले तर पुढचे तीन ब्लॉक वाचतात. आमच्यात याला शॅडो ब्लॉक म्हणतात. तो होतो, पण व्हायला हवा तितका होत नाही, कारण प्रत्येक खात्याचं सामान एकाच तारखेला तयार नसतं.

वेळेआधी संपलेल्या ब्लॉकचंही नाव घ्यायला हवं. नोव्हेंबर २०२२मध्ये सीएसएमटी-मशीद दरम्यानचा दीडशे वर्षांहून जुना कारनॅक पूल २७ तासांच्या ब्लॉकमध्ये पाडला. मुख्य मार्ग, हार्बर आणि यार्ड असे तीन टप्पे ठरवले होते, आणि मुख्य मार्ग ठरलेल्या वेळेच्या आधी मोकळा झाला. लोकांना हा पूल फारसा आठवत नाही. वेळ पाळली की बातमी होत नाही.

वेळ चुकली की काय होतं ते मात्र मी एकदा फलाटावर उभं राहून बघितलं. स्थानकाचं नाव घेत नाही. शनिवारी रात्रीचा ब्लॉक, पहाटे साडेचारला लाईन परत द्यायची होती. पावणेतीनच्या सुमारास जेसीबीच्या बकेटने सिग्नलची केबल तोडली. नकाशात ती मीटरभर पलीकडे दाखवलेली होती. केबलमधली एकेक तार ओळखून जोडायची आणि मग प्रत्येक जोड तपासायचा, म्हणजे तीन तास कमीत कमी. तीन वाजता हे मला कळलेलं होतं आणि मी वर कळवलंही होतं. फलाटावर मात्र घोषणा चालू होती, "गाडी थोड्याच वेळात सुटेल." पावणेसहापर्यंत तीच घोषणा. सव्वासहाला मी फलाटावर आलो तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "साहेब, गाडी कधी?" त्या हॉस्पिटलात आया होत्या, सातची पाळी. मी म्हणालो, ताई, अजून तासभर लागेल, केबल तुटली. त्यांनी विचारलं, "तुटली कधी?" मी वेळ सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगितलं असतं तर मी रिक्षा पकडून जोडीदारणीबरोबर गेले असते. आता रात्रपाळीची बाई माझ्यासाठी थांबलीय, तिचं पोर घरी एकटं आहे."

मला त्या रात्रीच्या कामाची लाज वाटली नाही. केबल तुटते, आम्ही ती जोडली, नीट तपासून जोडली. लाज वाटली ती त्या तीन तासांच्या खोट्या घोषणेची. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ब्लॉकच्या प्रत्येक बैठकीत हट्टाने एक प्रश्न विचारत राहिलो: ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी आपण कुठे असलो म्हणजे वेळेत संपेल? तो टप्पा गाठला नसेल तर त्याच क्षणी खरी वेळ जाहीर करायची. काही साहेब मान्य करत, काही म्हणत, आधीच कशाला लोकांना घाबरवायचं. लोक घाबरत नाहीत. ते दुसरा रस्ता शोधतात.

दीर्घ ब्लॉकला माझा पाठिंबा आहे तो याच अटीवर. तारीख किमान महिनाभर आधी सांगा. कुठल्या स्थानकावर गाडी थांबणार नाही ते ठळक सांगा. धीम्या गाड्या जलद मार्गावरून गेल्या की विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाहीत, कारण तिथे जलद मार्गाला फलाटच नाहीत, आणि तिथल्या माणसाला ते रविवारी स्थानकावर आल्यावर कळतं. हार्बरला दोनच मार्ग आहेत, त्यामुळे तिथे बंद म्हणजे खरोखरच बंद. ठाण्यावरून त्याच तिकिटावर जायची मुभा असते, तीही आधी ठाऊक हवी. मोठ्या बंदचे दिवस पासधारकाच्या पासात वाढवून मिळायला हवेत. रोजंदारीवरच्या माणसाला घरून काम करता येत नाही, म्हणून ६३ तासांच्या बंदमध्ये रविवार बसवता येत असेल तर तो बसवावाच.

एक तक्रार नेहमी येते: ब्लॉक झाला आणि गाड्या उलट हळू झाल्या. बोस्टनमध्येही तीस दिवसांच्या बंदनंतर लोकांनी हेच म्हटलं, कारण गाड्या काही ठिकाणी आधीपेक्षा हळू चालत होत्या. कारण साधं आहे. नवी टाकलेली खडी सैल असते. तिच्यावरून आधी ताशी २०-३० किलोमीटरने गाड्या न्यायच्या, पुन्हा ठासायचं, मापं घ्यायची, मग पायरीपायरीने वेग वाढवायचा. आठवडा-दोन आठवडे हळू गाडी गेली तर काम चांगल्या हातात आहे असं समजा. तीन महिन्यांनीही तिथे वेगमर्यादेचा फलक उभा असेल तर मात्र जाब विचारा, कारण तेव्हा काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं.

आता नुसत्या उभ्या दिसणाऱ्या माणसांबद्दल. त्यांतली काही सिग्नलवाले असतात. रूळ बसल्याशिवाय त्यांचं काम सुरू होत नाही. काही वेल्डर, वेल्ड निवण्याची वाट बघणारे. काही परमिटची चिठ्ठी यायची आहे म्हणून थांबलेले. आणि एक जण असतो जो काम संपेपर्यंत रुळाकडे बघतसुद्धा नाही. त्याच्या हातात झेंडा असतो, तोंडात शिट्टी असते, आणि तोंड तुमच्या गाडीच्या दिशेला असतं. तुमची जलद लोकल येताना दिसली की तो शिट्टी मारतो आणि वीस-पंचवीस माणसं वाकलेल्या पाठी सरळ करून रुळाबाहेर येतात. तुम्ही खिडकीतून बघता त्या क्षणी ती उभी असतात ती तुमची गाडी जाईपर्यंत. शेवटचा डबा गेला की पुन्हा वाकतात. रविवारच्या एका ब्लॉकमध्ये हे साठ-सत्तर वेळा होतं.